पिट्सबर्ग पायरेट्स : एका जुन्या बेसबॉल संघाच्या इतिहासातील संस्मरणीय क्षण

ओकलंडकर

अमेरिकेतील बेसबॉलविषयी मराठीत जे थोडेफार लिहिले जाते, ते बहुधा न्यूयॉर्क यांकीज आणि बेब रूथ यांच्यापाशी सुरू होऊन तिथेच संपते. मी ज्या शहरात गेली अनेक वर्षे राहतो, त्या पिट्सबर्गच्या पायरेट्स संघाविषयी येथे स्वतंत्र धागा असावा, असे बरेच दिवस मनात होते. १८८२ साली स्थापन झालेला आणि १८८७ पासून नॅशनल लीगमध्ये (मेजर लीग या अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलच्या दोन शाखांपैकी एकीत) खेळणारा हा संघ आजवर पाच वेळा वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाअखेरची अजिंक्यपदाची मालिका, जिंकला आहे : १९०९, १९२५, १९६०, १९७१ आणि १९७९. त्यानंतरचा काळ बहुतांशी पराभवांचा आहे, आणि तरीही या संघाच्या इतिहासात असे काही क्षण आहेत की ज्यांच्याविषयी या शहरातील माणसे आजही घटना काल घडली असावी अशा आवेशाने बोलतात.

नवख्या वाचकांसाठी एवढेच सांगतो की, सामना नऊ इनिंगचा असतो, प्रत्येक इनिंगमध्ये दोन्ही संघ एकेकदा फलंदाजीला येतात आणि तीन खेळाडू बाद झाले की बाजू बदलते. पिचर चेंडू टाकतो, फलंदाज तो मारून बेस या ठिकाणांवरून ओळीने धावतो आणि शेवटी प्लेटला, म्हणजे जिथून निघाला तिथे, परत पोहोचला की एक धाव होते. चेंडू थेट कुंपणाबाहेर मारला तर तो होम रन, आणि तेव्हा बेसवर असलेल्या सर्वांच्या धावा होतात. यजमान संघ नेहमी नंतर फलंदाजी करतो आणि नवव्या इनिंगमध्ये त्याने आघाडी घेतली की सामना त्याच क्षणी संपतो. वर्ल्ड सिरीजमध्ये जो संघ आधी चार सामने जिंकेल तो विजेता.

सुरुवात १३ ऑक्टोबर १९६० पासून करणे भाग आहे. फोर्ब्स फील्ड हे जुने मैदान शहराच्या ओकलंड भागात होते. आज तिथे पिट्सबर्ग विद्यापीठाच्या इमारती आहेत, आणि आउटफिल्डच्या (मैदानाच्या बाहेरच्या भागाच्या) विटांच्या भिंतीचा एक भाग जागच्या जागी जपून ठेवलेला आहे. समोर मिकी मँटल, रॉजर मॅरिस आणि योगी बेरा यांचा यांकीज संघ होता. पहिल्या सहांपैकी तीन सामने पायरेट्सने जिंकले होते खरे, पण जे तीन हरले ते १६–३, १०–० आणि १२–० असे सपाटून हरले होते. संपूर्ण मालिकेतील धावांची बेरीज केली तर यांकीजच्या ५५ आणि पायरेट्सच्या २७ भरतात. मालिकेतील सर्वोत्तम खेळाडूचा मानही यांकीजच्या बॉबी रिचर्डसनला मिळाला, आणि हरलेल्या संघातील खेळाडूला तो मिळाल्याचे वर्ल्ड सिरीजच्या इतिहासातील हे एकमेव उदाहरण आहे.

सातव्या सामन्यात पायरेट्सने लवकरच ४–० अशी आघाडी घेतली. बेराच्या तीन धावांच्या होम रनसह यांकीजने ती भरून काढली आणि पायरेट्स आठव्या इनिंगमध्ये फलंदाजीला आले तेव्हा ते ७–४ असे मागे होते. पहिल्या बेसवर एक धावपटू असताना बिल व्हर्डनने मारलेला जमिनीलगतचा चेंडू शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक) टोनी क्युबेककडे सरळ जात होता आणि एका फटक्यात दोन जण बाद होण्याची चिन्हे होती. अगदी शेवटच्या टप्प्यावर चेंडू अवचित उसळला आणि क्युबेकच्या गळ्यावर आदळला. क्युबेकला मैदान सोडावे लागले आणि दोन्ही धावपटू शाबूत राहिले. पुढे डिक ग्रोटच्या फटक्यावर एक धाव आली. मग रॉबेर्तो क्लेमेंटेने पहिल्या बेसच्या बाजूला एक साधासा टप्पा खाणारा चेंडू मारला, पण तो अडवला जाईपर्यंत पिचर जिम कोट्स बेसवर पोहोचलेला नव्हता, त्यामुळे क्लेमेंटे वाचला आणि आणखी एक धाव झाली. त्यानंतर कॅचर (फलंदाजामागे चेंडू झेलणारा) हॅल स्मिथने तीन धावांचा होम रन मारून धावफलक ९–७ असा फिरवला. यांकीजने नवव्या इनिंगमध्ये दोन धावा काढून पुन्हा बरोबरी साधली.

आता पायरेट्सचा पहिलाच फलंदाज होता बिल मॅझरॉस्की. हा खाणकामगाराचा मुलगा सेकंड बेसवर उभा राहत असे आणि त्याचे नाव होते ते क्षेत्ररक्षणासाठी. राल्फ टेरीचा पहिला चेंडू त्याने सोडून दिला. दुसरा त्याने डाव्या बाजूच्या भिंतीपलीकडे भिरकावला. दुपारचे ३ वाजून ३६ मिनिटे झाली होती. सामना १०–९, मालिका ४–३. वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना अशा विजयी होम रनने संपल्याचे दुसरे उदाहरण आजपर्यंत घडलेले नाही. एवढ्या धावा होऊनही या सामन्यात दोन्ही संघांचा एकही फलंदाज स्ट्राइक-आउट (पिचरच्या चेंडूंवर फटका न बसता बाद) झाला नाही, ही गोष्ट मला आजही थक्क करते.

इतके लिहिल्यानंतरही माझे मत असे आहे की, या संघाच्या इतिहासातील सर्वांत मोठा क्षण हा नव्हे. तो मान मी १ सप्टेंबर १९७१ या दिवशी खेळल्या गेलेल्या, अजिंक्यपदाशी थेट संबंध नसलेल्या एका बुधवारच्या सामन्याला देतो. त्याविषयी सविस्तर लिहीनच, पण त्याआधी इतरांनी आपापल्या आठवणीतील आणि वाचनातील क्षण येथे मांडावेत, अशी विनंती आहे.

जुनीवही

उत्तम धागा. १९६० च्या त्या सातव्या सामन्यात विजयी पिचर म्हणून नोंद झाली ती हार्वी हॅडिक्सची. त्याचे नाव आले की मला त्याच्या आदल्या वर्षीचा सामना आठवल्याशिवाय राहत नाही, म्हणून तो येथे मांडतो.

बेसबॉलमध्ये ‘परफेक्ट गेम’ ही पिचरची सर्वोच्च कामगिरी मानली जाते. नऊ इनिंगमध्ये प्रतिस्पर्ध्यांचे २७ च्या २७ फलंदाज ओळीने बाद करायचे आणि एकालाही पहिल्या बेसपर्यंत पोहोचू द्यायचे नाही. २६ मे १९५९ रोजी मिल्वॉकी ब्रेव्ह्जविरुद्ध त्यांच्याच मैदानावर, सर्दीने बेजार झालेल्या हॅडिक्सने ओळीने ३६ फलंदाज बाद केले. म्हणजे सलग बारा इनिंग एकही माणूस बेसवर गेला नाही. एवढी वेळ का आली, तर पायरेट्सनाही धाव काढता येत नव्हती. ब्रेव्ह्जच्या लू बर्डेटला त्यांनी बारा वेळा यशस्वी फटके मारले, परंतु धाव मात्र एकही आली नाही.

तेराव्या इनिंगमध्ये थर्ड बेसवरच्या डॉन होकची फेक चुकली आणि फेलिक्स मँटिला पहिल्या बेसवर पोहोचला. तिथे ‘परफेक्ट’ संपले. एडी मॅथ्यूजने स्वतः बाद होऊन त्याला पुढे सरकवले, हँक ॲरनला मुद्दाम चार चेंडू बाहेर टाकून पहिल्या बेसवर जाऊ दिले आणि मग जो ॲडकॉकने चेंडू कुंपणाबाहेर मारला. त्या गोंधळात ॲरन मधूनच डगआउटकडे (खेळाडूंच्या बसण्याच्या जागेकडे) वळला आणि ॲडकॉक त्याच्या पुढे निघून गेला. नियमाप्रमाणे होम रन रद्द होऊन सामन्याचा अधिकृत निकाल १–० असा लागला. हॅडिक्सच्या नावावर पराभव लिहिला गेला.

यावर कडी म्हणजे १९९१ मध्ये लीगने व्याख्या आवळली आणि शेवटपर्यंत टिकलेल्या कामगिऱ्याच ‘नो-हिटर’ (एकही यशस्वी फटका न दिलेला सामना) आणि ‘परफेक्ट गेम’ म्हणून धरायचे ठरवले. त्यामुळे सामन्यानंतर ३२ वर्षांनी हॅडिक्सचे नाव अधिकृत यादीतून वगळले गेले. मला हा निर्णय तेव्हाही पटला नव्हता आणि आजही पटत नाही. सत्तावीस बाद करणारा यादीत आणि छत्तीस बाद करणारा यादीबाहेर, हे कोणत्या न्यायाने?

कृष्णाकाठ

दोन्ही लेखन आवडले. ओकलंडकर, आपल्याविषयी पूर्ण आदर राखून मतभेद नोंदवतो. क्षण संस्मरणीय ठरायचा असेल तर तो ज्यांनी पाहिला त्यांना त्याच वेळी त्याचे मोठेपण उमगायला हवे. मॅझरॉस्कीचा चेंडू भिंतीपलीकडे गेला तेव्हा फोर्ब्स फील्डमधल्या ३६ हजारांहून अधिक लोकांना कोणी काही समजावून सांगावे लागले नाही. लोक मैदानात उतरले, मॅझरॉस्की टोपी हातात फिरवत बेस ओलांडत होता आणि थर्ड बेसपासून त्याच्यासोबत प्रेक्षक धावत होते. याउलट १९७१ चा सामना, माझ्या माहितीप्रमाणे, त्या दिवशी फारसा कोणाच्या ध्यानातही आला नव्हता. नंतरच्या पिढ्यांनी महत्त्व दिले म्हणून एखादा क्षण आधीच्या सर्व क्षणांच्या वर नेऊन बसवावा का, हा माझा प्रश्न आहे.

हॅडिक्सविषयी मात्र जुनीवही यांच्याशी शंभर टक्के सहमत.

ओकलंडकर

कृष्णाकाठ, आपला आक्षेप रास्त आहे, म्हणून उत्तर थोडे विस्ताराने देतो.

१ सप्टेंबर १९७१ रोजी थ्री रिव्हर्स स्टेडियममध्ये फिलाडेल्फिया फिलीजविरुद्ध पायरेट्सचे व्यवस्थापक डॅनी मर्टो यांनी जे नऊ खेळाडू उतरवले ते असे : रेनी स्टेनेट, जीन क्लाइन्स, रॉबेर्तो क्लेमेंटे, विली स्टार्जेल, मॅनी सँग्वियेन, डेव्ह कॅश, अल ऑलिव्हर, जॅकी हर्नांडेझ आणि पिचर डॉक एलिस. हे नऊही जण कृष्णवर्णीय होते, काही अमेरिकेतले, तर काही पोर्तो रिको, पनामा आणि क्यूबा येथून आलेले. मेजर लीगच्या इतिहासात असा संघ त्याआधी कधीही मैदानात उतरला नव्हता. जॅकी रॉबिन्सनने १९४७ मध्ये वर्णभेदाची भिंत ओलांडली, त्याला तोवर २४ वर्षे झाली होती.

प्रेक्षक साडेअकरा हजारांच्याही आत होते. शहरातील दोन्ही मोठी वृत्तपत्रे संपामुळे बंद असल्याने दुसऱ्या दिवशी शहराने त्याविषयी फारसे वाचलेही नाही. नेहमी फर्स्ट बेसवर खेळणारा बॉब रॉबर्टसन आणि थर्ड बेसवरचा रिची हेबनर हे गोरे खेळाडू त्या दिवशी संघात नव्हते. विशेष असे की, फिलीजचा पिचर वुडी फ्रायमन डावखुरा होता, आणि डावखुऱ्यासमोर मर्टो एरवी डावखुऱ्या ऑलिव्हरला बसवून रॉबर्टसनलाच खेळवीत असत. त्या रात्री त्यांनी ऑलिव्हरला खेळवले. काही इनिंग झाल्यानंतर डगआउटमध्ये बसलेल्या खेळाडूंच्याच लक्षात आले की मैदानात सगळे आपलेच आहेत. एलिसची पिचिंग त्या दिवशी बिघडलेली होती, त्यामुळे त्याला दुसऱ्याच इनिंगमध्ये बदलावे लागले. सामना पायरेट्सने १०–७ असा जिंकला आणि दीड महिन्यांनी वर्ल्ड सिरीजही.

आता आपल्या प्रश्नाकडे येतो. पिट्सबर्गमध्ये या घटनेचे वजन का वाटते ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. होमस्टेड ग्रेज आणि पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स हे कृष्णवर्णीयांच्या लीगमधील दोन बलाढ्य संघ याच परिसरातले. पायरेट्स बाहेरगावी असत तेव्हा ग्रेज फोर्ब्स फील्ड भाड्याने घेऊन खेळत असत. जॉश गिब्सन हा त्या काळातला बहुधा सर्वांत जबरदस्त फटकेबाज याच गवतावर खेळला, पण ज्या संघाचे ते मैदान होते त्या संघाचे दार त्याला कधीच उघडले नाही. जानेवारी १९४७ मध्ये, रॉबिन्सनच्या पहिल्या सामन्याच्या तीन महिने आधी, वयाच्या ३५ व्या वर्षी तो वारला. पायरेट्सने पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, कर्ट रॉबर्ट्स, घेतला तो १९५४ मध्ये. २०२४ साली मेजर लीगने त्या जुन्या लीगची आकडेवारी आपल्या नोंदींत समाविष्ट केली आणि .३७२ या सरासरीसह कारकिर्दीतील फलंदाजीत गिब्सन सर्वकालीन पहिल्या स्थानावर आला.

ज्या शहरात गिब्सनला पायरेट्सकडून एकही सामना मिळाला नाही, त्याच शहरात पाव शतकाच्या आत एका व्यवस्थापकाने त्या रात्रीचे आपले सर्वोत्तम नऊ निवडले आणि ते सर्व कृष्णवर्णीय निघाले. त्याचा गाजावाजा झाला नाही, कोणी भाषण केले नाही, कोणी परवानगी मागितली नाही. आपण जी उणीव मानता, म्हणजे त्या दिवशी कोणाच्या ध्यानात आले नाही ही गोष्ट, तीच मला या घटनेत सर्वाधिक मोलाची वाटते. मॅझरॉस्कीचा फटका आणखी एखाद्या संघाच्या नशिबी उद्या येऊ शकेल. १ सप्टेंबरची ती यादी पहिल्यांदा लिहिण्याचा मान मात्र आता कोणालाही मिळणार नाही.

सावली

ओकलंडकर यांच्या यादीतील तिसरे नाव क्लेमेंटे यांचे आहे, आणि त्यांच्याविषयी स्वतंत्रपणे लिहिल्याशिवाय हा धागा अपुरा राहील.

पोर्तो रिकोतील कारोलिना गावचे हे गृहस्थ. डॉजर्स या संघाने त्यांना आपल्या दुय्यम संघात ठेवले होते आणि नोव्हेंबर १९५४ मध्ये पायरेट्सने नियमाचा आधार घेऊन त्यांना उचलले. पुढची अठरा वर्षे ते राइट फील्डमध्ये उभे राहिले. चार वेळा फलंदाजीचे अजिंक्यपद, बारा गोल्ड ग्लव्ह (क्षेत्ररक्षणाचे पुरस्कार), १९६६ मध्ये लीगमधील सर्वोत्तम खेळाडूचा बहुमान. तरीही पत्रकार त्यांना वर्षानुवर्षे ‘बॉब’ म्हणत, त्यांचे चित्र असलेल्या बेसबॉल कार्डांवरही तेच छापले जाई, आणि त्यांचे इंग्रजी उच्चार जसेच्या तसे अक्षरांत उतरवून वृत्तपत्रे त्यांना हास्यास्पद करीत. त्यांना याचा मनस्वी राग येई आणि ते तो उघडपणे बोलूनही दाखवीत. माझे नाव रॉबेर्तो आहे, हे त्यांना पुन्हा पुन्हा सांगावे लागले.

१९७१ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये बाल्टिमोर ओरिओल्सकडे प्रत्येकी वीस किंवा अधिक विजय मिळवलेले चार पिचर होते. पायरेट्स पहिले दोन सामने हरले. क्लेमेंटे यांनी सातही सामन्यांत यशस्वी फटके मारले, १९६० मध्येही त्यांनी हेच केले होते. त्यांची सरासरी होती .४१४. सातव्या सामन्यात त्यांचा होम रन आणि स्टीव्ह ब्लासची नऊ इनिंगची पिचिंग यांच्या जोरावर २–१ असा विजय मिळाला. सामन्यानंतर दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यासमोर त्यांना बोलते केले, तेव्हा इंग्रजीत काही सांगण्याआधी त्यांनी स्पॅनिशमध्ये घरी असलेल्या आपल्या आईवडिलांचा आशीर्वाद मागितला. संपूर्ण अमेरिका ऐकत असताना त्यांनी आधी कोणाशी आणि कोणत्या भाषेत बोलायचे ठरवले, हे परदेशात राहणाऱ्या कोणालाही वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. माझ्यासाठी या संघाच्या इतिहासातील सर्वांत मोठा क्षण हाच आहे.

पुढच्या वर्षी ३० सप्टेंबर १९७२ रोजी न्यूयॉर्क मेट्सच्या जॉन मॅटलॅकला चौथ्या इनिंगमध्ये दोन बेसचा फटका मारून त्यांनी कारकिर्दीतील ३,००० यशस्वी फटक्यांचा टप्पा गाठला. आदल्याच रात्री त्यांचा एक फटका अधिकृत नोंदकर्त्याने क्षेत्ररक्षणातील चूक म्हणून धरला होता, त्यामुळे तो दिवस एका रात्रीने पुढे गेला. नियमित हंगामातील तो त्यांचा शेवटचा फटका ठरला.

२३ डिसेंबर १९७२ रोजी निकाराग्वाच्या मानाग्वा शहरात मोठा भूकंप झाला. त्याआधी काही आठवडेच एका स्पर्धेसाठी पोर्तो रिकोचा हौशी संघ घेऊन क्लेमेंटे तिथे राहून आले होते. त्यांनी मदत गोळा करून विमाने धाडली, परंतु तेथील सत्ताधारी सोमोसा यांचे सैनिक ती हडप करतात असे कळल्यावर त्यांनी स्वतः जाण्याचे ठरवले. ३१ डिसेंबरच्या रात्री सॅन हुआनहून निघालेले जुने, क्षमतेपेक्षा जास्त लादलेले डीसी-७ विमान उड्डाणानंतर लगेचच समुद्रात कोसळले. क्लेमेंटे तेव्हा ३८ वर्षांचे होते. त्यांचा मृतदेह कधीच मिळाला नाही. संघातील सगळे सहकारी स्मृतिसभेसाठी जमले, पण कॅचर मॅनी सँग्वियेन तिथे नव्हता, कारण तो पाणबुड्यांबरोबर समुद्रात उतरून आपल्या मित्राला शोधत होता. हॉल ऑफ फेमसाठी (बेसबॉलमधील थोर खेळाडूंच्या सन्मानस्थानासाठी) निवृत्तीनंतर पाच वर्षे थांबण्याचा जो नियम आहे, तो बाजूला ठेवून १९७३ मध्येच क्लेमेंटे यांना तिथे स्थान देण्यात आले.

रेडिओवेडा

एक लहानशी भर. ५ ऑगस्ट १९२१ रोजी मेजर लीगमधील सामन्याचे रेडिओवरून पहिले धावते वर्णन झाले ते फोर्ब्स फील्डवरून, केडीकेए या पिट्सबर्गच्याच केंद्रावर. पायरेट्सने फिलीजला ८–५ असे हरवले, आणि हॅरल्ड आर्लिन या निवेदकाने टेलिफोनच्या यंत्रात फेरफार करून बनवलेल्या मायक्रोफोनमधून ते जगाला सांगितले.

भारताशी या संघाचा संबंधही नोंदवून ठेवण्यासारखा आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये पायरेट्सने रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशातील दोन तरुण भालाफेकपटूंना पिचर म्हणून करारबद्ध केले. मेजर लीगच्या संघाने करार केलेले ते पहिले भारतीय खेळाडू होत. दोघेही दुय्यम लीगच्या पुढे गेले नाहीत, परंतु ज्यांनी काही महिन्यांपूर्वीपर्यंत बेसबॉल हातातही घेतला नव्हता, त्यांनी तिथवर मजल मारली याचे मला फार अप्रूप आहे.

त्रिवेणीसंगम

विजयांविषयी भरपूर लिहून झाले आहे. १९७९ मध्ये ३९ वर्षांच्या विली स्टार्जेलने ३–१ अशा पिछाडीवरून संघाला पुन्हा ओरिओल्सविरुद्ध वर्ल्ड सिरीज जिंकून दिली, सातव्या सामन्यात निर्णायक होम रन मारला, आणि संघातले सगळे त्याला ‘पॉप्स’ म्हणत, एवढे नमूद करून मी १४ ऑक्टोबर १९९२ कडे वळतो, कारण माझ्या वयाच्या पिट्सबर्गकरांची खरी जखम ती आहे.

अटलांटा ब्रेव्ह्जविरुद्ध नॅशनल लीगच्या अंतिम फेरीचा सातवा सामना. आठ इनिंगनंतर पायरेट्स २–० असे पुढे. डग ड्रेबेकने तोवर एकही धाव दिली नव्हती. नवव्या इनिंगच्या सुरुवातीला टेरी पेंडलटनने दोन बेसचा फटका मारला. पुढचा चेंडू सेकंड बेसवरच्या होसे लिंडकडे आला. त्या हंगामातील उत्कृष्ट क्षेत्ररक्षकांत ज्याची गणना होत होती त्या लिंडच्या हातून तो निसटला. सिड ब्रीमला चार चेंडू बाहेर गेले आणि सगळे बेस भरले. ड्रेबेकच्या जागी स्टॅन बेलिंडा आला. एक धाव गेली, पुन्हा बेस भरले, आणि एक फलंदाज झेल देऊन परतला. दोन बाद, २–१, आणि समोर फ्रान्सिस्को काब्रेरा, ज्याला संपूर्ण नियमित हंगामात जेमतेम दहा वेळा फलंदाजी मिळाली होती.

त्याने लेफ्ट फील्डमध्ये फटका मारला. तिथे बॅरी बाँड्स होता. एक धाव सहज आली आणि सामना बरोबरीत आला. दुसऱ्या बेसवरून ब्रीम धावत सुटला. हा ब्रीम आदल्या अनेक हंगामांत पायरेट्सचाच खेळाडू होता, गुडघ्यांवरच्या शस्त्रक्रियांमुळे लीगमधील सर्वांत संथ धावणाऱ्यांपैकी एक समजला जात होता. बाँड्सची फेक किंचित पहिल्या बेसच्या बाजूला आली, कॅचर माइक लाव्हॅलियरने चेंडू घेऊन अंग झोकून दिले, पण तोवर ब्रीमचा पाय प्लेटवर पोहोचला होता. ३–२. सेंटर फील्डमध्ये अँडी व्हॅन स्लाइक बराच वेळ गवतावर बसून राहिला.

त्या हिवाळ्यात बाँड्स सॅन फ्रान्सिस्कोला गेला, ड्रेबेक ह्यूस्टनला. १९९३ ते २०१२ असे सलग वीस हंगाम संघाने जिंकण्यापेक्षा हरण्याचे प्रमाण जास्त ठेवले. उत्तर अमेरिकेतील कोणत्याही मोठ्या व्यावसायिक खेळात इतका लांब दुष्काळ दुसऱ्या संघाने पाहिलेला नाही. केवळ दुर्दैवाने वीस वर्षे जात नाहीत. चांगले खेळाडू घडले की त्यांना पैशांअभावी जाऊ द्यायचे, हे धोरण मालकांनी बदलले नाही, आणि त्याची किंमत प्रेक्षकांनी मोजली, असे माझे स्पष्ट मत आहे.

मृण्मयी

त्रिवेणीसंगम यांनी लिहिलेला दुष्काळ ज्या हंगामात संपला त्यातल्या १ ऑक्टोबर २०१३ च्या रात्री मी पायरेट्सच्या पीएनसी पार्क या मैदानात होते. सिनसिनाटी रेड्सविरुद्ध वाइल्ड कार्डचा (पुढच्या फेरीत प्रवेश ठरवणारा) एकमेव सामना, हरणारा घरी जाणार. प्रेक्षकांनी काळे कपडे घालून यावे असे ठरले होते, त्यामुळे चाळीस हजारांचे स्टेडियम एकसारखे काळे दिसत होते. माझ्या शेजारी एक वृद्ध जोडपे बसले होते, आणि त्यांनी १९९२ नंतर अशा सामन्याची वाट पाहिली होती. त्यांच्याबरोबर तिशीचा नातू होता, आणि त्याला जाणत्या वयात पायरेट्सचा एकही विजयी हंगाम आठवत नव्हता.

दुसऱ्या इनिंगमध्ये मार्लन बर्डने होम रन मारला आणि मग सगळ्या स्टेडियमने रेड्सचा पिचर जॉनी क्वेटो याच्या नावाचा लांबवून घोष सुरू केला : ‘क्वे-टो, क्वे-टो’. तो इतका वाढला की बाकाची फळी तळव्यांखाली थरथरत होती. पिचिंगच्या उंचवट्यावर उभ्या असलेल्या क्वेटोच्या हातातून चेंडू निसटून गवतावर पडला. हसू आणि आरोळ्या एकदमच उठल्या. त्याने चेंडू उचलला, पुढचाच टाकला, आणि रसेल मार्टिनने तो डाव्या बाजूच्या प्रेक्षकांत भिरकावला. प्रेक्षकांनी सामन्याचा प्रवाह वळवला असे अनेकदा म्हटले जाते. मी ते प्रत्यक्ष घडताना पाहिले आहे.

फ्रान्सिस्को लिरियानोने सात इनिंग रेड्सना रोखून धरले, मार्टिनने आणखी एक होम रन मारला आणि सामना ६–२ असा जिंकला. पुढच्या फेरीत सेंट लुइसने आम्हाला हरवले. तरी स्टेडियम सोडताना क्लेमेंटे यांचे नाव असलेल्या पुलावरून, जो सामन्याच्या दिवशी वाहनांना बंद असतो, अनोळखी माणसे एकमेकांना मिठ्या मारत चालली होती. या शहरात मी परकी आहे ही भावना त्या रात्रीपासून गेली.

कृष्णाकाठ

मृण्मयी, फार सुंदर लिहिलेत. ओकलंडकर, आपल्या उत्तराने माझे मत पूर्ण बदलले नसले तरी १९७१ ला मी आता दुसरे स्थान देतो. गिब्सनची पार्श्वभूमी मला ठाऊक नव्हती.

सावली यांना एक प्रश्न. जॅकी रॉबिन्सनचा ४२ क्रमांक १९९७ पासून सर्व संघांत निवृत्त केलेला आहे. क्लेमेंटे यांचा २१ क्रमांकही तसाच सर्वत्र निवृत्त करावा, अशी मागणी होत असल्याचे वाचले आहे. आपले मत काय?

सावली

पायरेट्सने २१ क्रमांक १९७३ मध्येच निवृत्त केला, आणि पीएनसी पार्कमध्ये राइट फील्डची भिंत मुद्दाम २१ फूट उंच बांधली आहे, कारण ती त्यांची जागा होती. पिट्सबर्गपुरते तेवढे योग्यच आहे. इतर संघांसाठी मात्र माझे मत वेगळे आहे. पोर्तो रिको, व्हेनेझुएला आणि डॉमिनिकन रिपब्लिक येथील कितीतरी मुले २१ क्रमांक मागून घेतात, कारण त्यांच्या घरांत क्लेमेंटे यांचे छायाचित्र लावलेले असते. तो क्रमांक काढून घेतला तर सन्मान होईल, पण ज्यांच्यासाठी ते झगडले त्यांच्याच पाठीवरून तो उतरवला जाईल. ९ सप्टेंबर २०२० रोजी पायरेट्सच्या सर्व खेळाडूंनी एका दिवसासाठी २१ क्रमांक परिधान केला, आणि त्यानंतर दर सप्टेंबरमध्ये क्लेमेंटे यांच्या नावाच्या दिवशी इतर संघांतील खेळाडूंनाही तो घालण्याची मुभा मिळाली. मला ही पद्धत अधिक योग्य वाटते. ती पुढे चालू ठेवावी आणि त्या दिवशी मैदानातील प्रत्येक खेळाडूने तो घालावा, एवढीच माझी लीगकडे मागणी राहील.